सिस्टरांचा हात हलका कशाने होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकातल्या निधनवार्तांच्या रकान्यात चार ओळी होत्या. मूळच्या केरळच्या, सध्या राहणार बेळगाव, निवृत्त परिचारिका, वृद्धापकाळाने निधन, स्वभावाने प्रेमळ, पश्चात दोन मुली, जावई, नातवंडे. यातलं एक अक्षरही खोटं नाही. घरचे दुःखात असतात, फोनवर जेवढं सांगतात तेवढं छापलं जातं, त्यात चूकही कुणाची नाही. मुलींच्या इच्छेला मान देऊन आम्हीही इथे नाव लिहीत नाही. खानापूर तालुक्यात नुसतं 'सिस्टर' म्हटलं तरी पुरतं, इतकी वर्षं त्या तिथे होत्या.

अंत्यविधीला चर्चच्या आवारात जांबोटी, कणकुंबीकडच्या नऊवारीतल्या म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडी तेच. "हाताला गुण होता बघा सिस्टरांच्या." "हात लई हलका. सुई टोचली ते कळायचंच नाही." बायका मनापासून बोलत होत्या. पण हातगुण म्हटला की तो देवाने दिलेला आणि माणसाबरोबर गेलेला, असंच होऊन बसतं. आम्ही त्यांच्या बरोबरीने, आणि आमच्यातल्या काहीजणी त्यांच्या हाताखाली काम केलेल्या परिचारिका आहोत. तो हात कशाकशाने हलका झाला होता हे आम्ही रोज बघितलेलं आहे. ते लिहून ठेवता येतं आणि शिकवताही येतं, म्हणून हे पत्र. लांब झालं आहे, जागा होईल तसं छापावं.

सत्तरच्या दशकात विशीतल्या असताना त्या बेळगावला आल्या. मध्य केरळातल्या ख्रिस्ती घरांतून मुलींना नर्सिंगला पाठवण्याची रीत मिशन रुग्णालयांमुळे आधीच पडली होती. आपल्या बाजूला मिरजेचं वानलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं आहे, अथणी, कागवाड, चिकोडीची माणसं वर्षानुवर्षं तिकडेच धावत. त्या काळी आपल्याकडे मुलीने रात्रपाळी करणं, परक्या माणसाचं अंग पुसणं, बेडपॅन उचलणं हलकं समजलं जाई. मुली या कामाला येत नसत, आणि वॉर्ड तर चालवायचे असत. ती जागा या केरळच्या मुलींनी भरली. बेंगळूरला गाडी बदलायची, पुढे मीटर गेजने हुबळी, लोंढा करत बेळगाव. पगारातला मोठा वाटा मनीऑर्डरने घरी जाई. धाकट्या भावंडांची शिक्षणं आणि बहिणींची लग्नं त्यावर होत.

आता हाताचं सांगतो. त्या आल्या तेव्हा सिरिंजा काचेच्या होत्या. दट्ट्या आणि नळी वेगळी करून दोन्ही गॉजमध्ये गुंडाळूनच भांड्यात ठेवायची, नाहीतर उकळताना एकमेकांवर आपटून तडकतात. पाणी खळाखळा उकळायला लागलं की तिथून पुढे २० मिनिटं धरायची, भांडं चुलीवर ठेवल्यापासून नव्हे. मध्येच कुणी आणखी एक सुई आत टाकली तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. बोअरचं पाणी असलं की क्षाराचा पांढरा थर बसतो, दट्ट्या अडकत अडकत सरकतो, आणि मग औषध धक्क्याने आत जातं. इंजेक्शन दुखतं ते इथे. सिस्टर पावसाचं पाणी फडक्यातून गाळून त्यासाठी वेगळ्या घागरीत धरून ठेवत.

सुया पुन्हा पुन्हा वापरल्या जात, टोक बोथट होई, कधी आकड्यासारखं वळे. ते डोळ्याला दिसत नाही. सिस्टर सुईचं टोक कापसाच्या बोळ्यातून ओढत. धागा अडकला की सुई बाजूला. दुपारी रुग्णांची गर्दी ओसरली की बारीक दगडावर तेलाचा थेंब टाकून त्या सुया लावत बसत, आतून तार फिरवत, पुन्हा कापसावर तपासत. तालुक्यातल्या बायकांना टोचलेलं कळत नसे त्याचं निम्मं कारण तो दगड होता.

उरलेलं निम्मं सावकाशीत होतं. स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या कातडीवर टोचलं तर स्पिरिट सुईबरोबर आत जातं आणि चुरचुरतं. सुई काटकोनात एका झटक्यात आत घालायची, पण औषध ढकलायचं हळू, एका मिलीला दहा सेकंद. सुई काढण्याआधी आणखी थोडं थांबायचं. तान्ह्या बाळाला कुल्ल्यात कधीच नाही, तिथून पायाचा मोठा मज्जातंतू जातो. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मध्यावर. बाळ आईच्या मांडीवर, जमलं तर छातीला लावलेलं. ओपीडीत साठ माणसं उभी असली की पहिला बळी या सावकाशीचाच जातो. सिस्टर रांगेतल्या माणसांचं बोलणं ऐकून घेत, पण दहा सेकंदांचे पाच करत नसत.

बीसीजीला, म्हणजे क्षयाच्या लसीला, तर त्या स्पिरिट हातातच घेत नसत. ती जिवंत लस आहे, नुसत्या स्वच्छ पाण्याने पुसायचं. नवजात बाळाला ०.०५ मिली, डाव्या दंडाच्या वरच्या भागात, कातडीच्या आतल्या आत. मसुराच्या डाळीएवढा फुगवटा उठला पाहिजे. उठला नाही तर लस खाली गेली, पुढे काखेत गाठ येऊन ती पिकण्याची भीती. दोन-तीन आठवड्यांनी तिथे पुळी येते, फुटते, मग वण राहतो. हे आईला त्याच दिवशी सांगायचं, नाहीतर घरी त्यावर हळद आणि राख लागते.

सलाईनचं तसंच. ५०० मिली चार तासांत द्यायचं, नळीला एका मिलीला २० थेंब, म्हणजे मिनिटाला ४२. पाव मिनिट घड्याळ धरून दहा-अकरा थेंब पडले की बरोबर. हे थेंब त्या मल्याळममध्ये मोजत, शेवटपर्यंत. ओठ हलताना दिसायचे. बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तिच्यावर तासांच्या रेघा ओढलेल्या असत, ८, ९, १०, ११, १२. नातेवाईक पोरीने झोपेतून उठून बघितलं तरी पाणी रेघेच्या वर आहे की खाली ते तिला कळे, आणि ती हाक मारी. जुलाबाने सुकलेल्या पोराची शीर सापडत नसली की हात पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचा, कोमट फडकं गुंडाळायचं, आणि दोन मिनिटं थांबायचं. दोनदा चुकलं की सुई खाली ठेवून दुसरीला बोलवायचं, हा त्यांचा नियम स्वतःलाही लागू होता.

आता त्यांच्या वहीबद्दल. शंभर पानी, लांब, पुठ्ठ्याची वही, तीन रकाने. मराठी, कन्नड, मल्याळम. पाणी, नीरु, वेळ्ळम, अशी सुरुवात. सरकारी नोकरीत आल्यावर कन्नड भाषेची खात्याची परीक्षाही त्यांनी दिली. रजिस्टर कन्नडमध्ये, रुग्ण मराठीत बोलणारा आणि मनातला हिशेब मल्याळममध्ये, अशी सगळी हयात गेली. पण वहीतला खरा खजिना दुखण्याच्या शब्दांचा आहे. कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी. ठणका म्हणजे नाडीबरोबर ठोके देणारं दुखणं, बहुतेक वेळा आत पू धरतोय. चमक म्हणजे हलताना क्षणभर येऊन जाणारी, स्नायूची किंवा शिरेची. कळा म्हटल्या की येऊन-जाऊन, वाढत्या, म्हणजे बाळंतपणाच्या, तिथे घड्याळ लावून दोन कळांमधलं अंतर मोजायचं. मुरडा म्हणजे पोटात पीळ पडून आव पडणं, नुसते ढाळ नव्हेत, औषध वेगळं. जळजळ, भगभग, सल, मुंग्या, पाय भरून येणं, अंग मोडून येणं, प्रत्येकापुढे दोन-दोन ओळी. 'अंगावरून जातंय' हे बाई पुरुष डॉक्टरांसमोर बोलत नाही. सिस्टरांना ते खुणेवरून कळे, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असे: दिवसाला किती घड्या बदलतेस? पांढरं की लाल? वास येतो का? नर्सिंगच्या आमच्या पुस्तकांत हे शब्द नव्हते. ज्या मराठी मुलींना ते जन्मापासून येतात, त्यांनी ते कधी लिहून काढले नाहीत. परक्या मुलुखातून आलेल्या बाईला ते लागले म्हणून लिहिले गेले.

त्या वहीत 'डोळ्यांपुढं अंधारी' या शब्दांखाली लाल शाईने दोन रेघा आहेत. आठव्या-नवव्या महिन्यातली बाई डोकं ठणकतंय, अंधारी येते म्हणाली की सिस्टर हातातलं काम ठेवून उठत. पायावरची सूज रात्री पाय उशीवर घेऊन झोपल्यावर सकाळी उतरते का, तोंड सुजलंय का, बोटातलं वळं रुततंय का, हे तीन प्रश्न. मग बीपी. वरचा १४० किंवा खालचा ९० झाला की लघवी तपासायची. काचनळी दोन तृतीयांश भरायची, फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा, म्हणजे खालचं थंड पाणी तुलनेला राहतं. वर गढूळ झालं तर ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब. गढूळपणा विरला तर ते क्षार, राहिला तर अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून प्रथिन जातंय, धोक्याची खूण. दीड-दोन मिनिटांचं काम, वीज लागत नाही, मशीन लागत नाही.

हे हुकलं की झटके येतात. आपल्याकडे त्याला फेफरं म्हणतात, नाहीतर बाहेरची बाधा. कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, दात उचकटून चमचा घालतात, देवर्षीकडे नेतात, आणि त्यात दोन जीव जातात. सिस्टरांनी गावोगावच्या सासवांना एकच पढवलं होतं: डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, गाडी बघा. पूर्वी अशा बाईला गुंगीची इंजेक्शनं देत. १९९५ साली बऱ्याच देशांतल्या बायकांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन, त्याहून सरस ठरलं. पुढे एएनएमनाही, म्हणजे गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांनाही, पहिला डोस देण्याची मुभा मिळाली. एका ॲम्प्यूलमध्ये २ मिली, म्हणजे १ ग्रॅम. पहिला डोस १० ग्रॅमचा, पाच ॲम्प्यूल एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात, २२ नंबरच्या लांब सुईने खोल. घाबरलेल्या हाताने दहा ॲम्प्यूल फोडताना बोटं कापतात, एखादी सांडते, मोजणी चुकते. सिस्टर रिकाम्या ॲम्प्यूल फेकू देत नसत. किडनी ट्रेमध्ये पाच-पाचच्या दोन ओळी लावून ठेवायच्या, मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर वेळ लिहायची. पुढचा डोस चार तासांनी, तोही गुडघ्याची उसळी (गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडणं) शाबूत आहे, श्वास मिनिटाला १६ च्या खाली गेलेला नाही आणि लघवी तासाला ३० मिलीच्या वर आहे हे बघूनच. श्वास मंदावला तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली त्याच ट्रेमध्ये. ते नसेल तर मॅगसल्फचा ट्रे पूर्ण झाला असं त्या मानतच नसत.

लघवीच्या काचनळ्यांचा एक स्टँड आणि सापाच्या काचनळ्यांचा दुसरा, दोन्ही कधी एकत्र येता कामा नयेत, याचंही कारण सांगायला हवं. भाताच्या लावणीत आणि कापणीत खानापूरला सर्पदंश नेमाने येतात. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठत नाही. तपासणी सोपी: २ मिली रक्त कोरड्या स्वच्छ काचनळीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी आडवी करायची. ओघळलं तर विष रक्तात भिनलंय. पण नळी साबणाने किंवा पावडरने धुतलेली असली तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही, आणि नको त्याला प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचा उतारा, दिलं जातं. प्लास्टिकची नळी चालत नाही. म्हणून सापाच्या नळ्या कोऱ्या, कागदात गुंडाळलेल्या, वेगळ्या. प्रतिसर्पविषाची कुपी १० मिली पाण्यात विरघळवताना हातात गोल फिरवायची, जोराने हलवली की फेस होतो. त्या औषधाचीच ॲलर्जी उठली तर म्हणून शेजारी ॲड्रिनॅलिन भरलेली सिरिंज तयार. मूल असलं तरी डोस मोठ्या माणसाएवढाच, कारण साप मुलाला कमी विष देत नाही.

लसीकरणाचं बहुतेकांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण आलं आणि पावसाळ्यात भीमगडच्या बाजूच्या वाड्यांवर लसीचा डबा खांद्याला लावून ओढे ओलांडत जाणं सुरू झालं. लस उन्हाने खराब होते हे सगळे जाणतात. काही लसी मात्र बर्फानेही खराब होतात. फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक तसेच डब्यात घातले की डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची त्रिगुणी) आणि धनुर्वाताची लस गोठते, वितळल्यावर वरून चांगली दिसते आणि आत मेलेली असते. पॅक बाहेर ठेवून घाम सुटू द्यायचा, कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज आला की चारही पॅक डब्यात. गोवराची लस विरघळवली की चार तासांत संपवायची, कुपीवर वेळ लिहायची. उरलेली दुसऱ्या वाडीला नेली तर त्यात जंतू वाढतात आणि संध्याकाळपर्यंत पोर दगावू शकतं. वाडीवर दोनच मुलं आली तरी सिस्टर नवी कुपी फोडत आणि उरलेली टाकत. 'वाया घालवलं' म्हणून वरून विचारणा होई, तेव्हा रजिस्टरमध्ये फोडल्याची वेळ आणि टाकल्याची वेळ दोन्ही लिहिलेली सापडत.

बाळंतपणाबद्दल मात्र जास्त लिहायला हवं. घरातल्या बाळंतपणात नाळ विळ्याने कापत आणि पाचवीला त्याच विळ्याची पूजा होई. नाळेला राख, शेण, हळद. आठवड्यात धनुर्वात होऊन बाळाचा जबडा धरे. सिस्टरांनी पाचवीला कधी विरोध केला नाही. विळा पूजेला राहू दे, नाळ कापायला नवं ब्लेड, २० मिनिटं उकळलेलं, दोराही उकळलेला, आणि नाळेला काही म्हणजे काही लावायचं नाही. ते ब्लेड पाचवीच्या ताटात विळ्याशेजारी ठेवायला त्यांनीच सांगितलं, आणि सुईणींना ते पटलं. गरोदरपणात धनुर्वाताची दोन इंजेक्शनं चार आठवड्यांच्या अंतराने. बाळंतिणीची शेगडी चालू दे, खिडकी मात्र उघडी. पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं नाही, तासाच्या आत बाळाला. केरळातली कंजी म्हणजे आपली पेज, हा शोध त्यांना खानापूरच्या उकड्या तांदळाने लागला होता. बाळंतिणीला आणि जुलाब लागलेल्या पोराला मीठ घातलेली पेज त्या हक्काने सांगत.

बाळंतीण जाण्याचं सगळ्यात मोठं कारण रक्तस्राव. वार पडल्यावर ती ताटात पसरून दोन्ही बाजूंनी बघायची, एखादी फोड कमी दिसली तर ती आत आहे. पोटावर हात ठेवून गर्भाशय नारळासारखं घट्ट लागतंय का बघायचं, मऊ लागलं तर चोळायचं. रक्त किती गेलं हा अंदाज नेहमी कमीच येतो, कारण ते गोधडीत मुरतं. बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने ग्रामीण भागात एक अभ्यास केला. घरी आणि उपकेंद्रांत होणाऱ्या बाळंतपणांत एएनएमनी बाळ जन्मल्यावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, ६०० मायक्रोग्रॅम. बाळंतिणीखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी घालून तासभर रक्त प्रत्यक्ष मोजलं. १,६२० बायका होत्या, साधारण निम्म्यांना खरी गोळी आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. अति रक्तस्रावाचं प्रमाण बिनऔषधाच्या गोळीवर १२ टक्के होतं, खऱ्या गोळीवर ६.४ टक्के. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि या गोळीचा पुरावा म्हणून जगभर सांगितलं जातं. कंदिलाच्या उजेडात पिशवीच्या खुणा वाचून आकडा लिहिणारे हात आपल्याच जिल्ह्यातल्या सिस्टरांचे होते. गोळी द्यायची ती पोटात दुसरं बाळ नाही हे हाताने तपासल्यावरच. आमच्या सिस्टरांच्या भाषेत, "आधी हात, मग गोळी."

आता 'प्रेमळ आई' या शब्दांकडे येतो. मुलींवर त्यांचा जीव होता हे खरं, पण तो जीव रोज कसा जुळवून आणावा लागे ते त्या दोन शब्दांत मावत नाही. प्रसूती लाभाच्या १९६१ च्या कायद्याने बाईला १२ आठवड्यांची रजा होती. २६ आठवडे झाले ते २०१७ मध्ये, आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं हेही त्याच वेळी आलं. म्हणजे सिस्टर कामावर परतल्या तेव्हा थोरली तीन महिन्यांची नव्हती. ड्युटीला जाण्याआधी दूध काढायचं, उकळलेल्या झाकणाच्या स्टीलच्या वाटीत ठेवायचं, खोलीत चार तास चालतं, त्यापुढे नाही, बाटलीने नाही तर वाटी-चमच्याने पाजायचं, हे सगळं शेजारच्या काकूंना शिकवून त्या वॉर्डात येत. वॉर्डात दुसऱ्या कुणाचं बाळ रडलं की पान्हा फुटे आणि ॲप्रनच्या आत ब्लाऊज भिजे. गॉजच्या चार घड्या करून आत ठेवायच्या आणि ट्रे उचलायचा. रात्रपाळीत मध्यरात्री बाथरूममध्ये दूध पिळून टाकावं लागे, नाहीतर सकाळपर्यंत गाठ होऊन ताप भरतो. हे त्या नव्या मुलींना न लाजता सांगत, कारण त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढं करूनही थोरलीला दीड वर्षाची असताना केरळात आजीकडे सोडावं लागलं. आंतरदेशीय पत्रावर आजी तिच्या पावलाचा ठसा काजळाने उमटवून पाठवी. सिस्टर तो मोजपट्टीने मोजत आणि बोटभर मोठी चप्पल पार्सलने पाठवत. पाच वर्षांची झाल्यावर तिला परत आणलं, मराठी शाळेत घातलं, आणि तिच्याच अंकलिपीवरून सिस्टर ळ आणि ण घोटून घोटून शिकल्या. पती लवकर वारले. त्यानंतर रात्रपाळी आठवड्याने येई तेव्हा घर घड्याळावर चाले: सकाळी साडेआठला घरी, डबे, शाळा, दहा ते दोन खिडकीला काळं कापड लावून झोप, दाराबाहेर उलटी टांगलेली पाटी म्हणजे हाक मारू नये. पाटी सुलटी दिसली की वाडीतली माणसं ताप आलेलं पोर घेऊन येत. दोघी मुलींच्या परीक्षेच्या महिन्यात त्या रात्रपाळ्या बदलून घेत आणि त्या बदल्यात दुसरीच्या दिवाळी-गणपतीच्या ड्युट्या करत. हा हिशेब वर्षभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिलेला असे आणि कुणाची एक पाळीही त्यांनी बुडवली नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. परिचारिका, एएनएम, आशा यांची निधनवार्ता घेताना नातेवाइकांच्या नावांबरोबर चार गोष्टी विचारून घ्याव्यात: कुठल्या केंद्रात काम केलं, किती वर्षं, कुठल्या भाषांत, आणि कशात त्यांचा हात चालत असे. दोन ओळी वाढतील. घरच्यांनाही विनंती की वह्या, डायऱ्या, दगड, सुयांचे डबे रद्दीत घालू नयेत. नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्यांना त्यांचा उपयोग आहे.

सिस्टरांची वही मुलींनी आम्हाला नक्कल करण्यासाठी दिली आहे. सुरुवातीची सात पानं पावसात भिजून मराठीचा रकाना पुसट झाला आहे, कन्नड आणि मल्याळम वाचता येतं. त्यात पोटाच्या आणि छातीच्या दुखण्याचे शब्द असावेत असं दिसतं. खानापूर, जांबोटी, निपाणी भागातल्या वडीलधाऱ्या बायकांनी आपल्याकडे दुखण्याला काय काय म्हणतात ते एका कागदावर लिहून आपल्या दैनिकाच्या पत्त्यावर पाठवावं, आम्ही ते आपल्याकडून घेऊन जाऊ आणि पानं भरून काढू. शब्दापुढे ते दुखणं कसं येतं, किती वेळ राहतं आणि कशाने कमी होतं, एवढं लिहिलं तरी पुरे.

आपल्या नम्र,
बेळगाव व खानापूर तालुक्यांतील निवृत्त परिचारिका